तळं क्रमांक दोन

१३ मे

बाबा,

आधी नमस्कार लिहिला, तो खोडला. मग 'कसे आहात' लिहिलं, तेही खोडलं. दोन वर्षं एकमेकांशी न बोलता काढल्यावर पत्राची सुरुवात कशी करायची, हे काही शाळेत शिकवत नाहीत. तेव्हा सरळच सांगते. मी टिटवी. घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही.

मी उन्हाळी पर्यावरण नेतृत्व परिषदेला आले आहे. नाव लांबलचक आहे, पण जागा छान आहे. डोंगरउतारावर एका शेतकी कॉलेजचं वसतिगृह आहे, तिथे निरनिराळ्या शाळांमधून नववी ते बारावीची मुलं निवडून आणली आहेत. आल्या आल्या सगळ्यांचे फोन काढून घेतले. संचालकबाई म्हणाल्या, "निसर्गाशी नातं जोडायचं असेल तर आधी चार्जरशी तोडा." सगळे हसले. मग अर्ध्या तासात निम्मी मुलं रिकामे खिसे चाचपत फिरायला लागली.

आज आम्हाला सांगितलं की ज्यानं तुम्हाला पहिल्यांदा निसर्ग दाखवला त्याला हातानं पत्र लिहा. बाकीच्यांना लगेच कुणी ना कुणी आठवलं. कुणाचे आजोबा, कुणाच्या विज्ञानाच्या बाई. मी पेनाचं टोपण चावत बसले. खरं तर तुम्ही मला निसर्ग वगैरे कधी दाखवला नाहीत. तुम्ही मला उलटी घातलेली होडी दाखवलीत, आणि तिच्या पोटावरची भेग डोळे मिटून बोटानं कशी शोधायची ते शिकवलंत. पण होडीखाली तळं होतंच की. म्हटलं, चालेल.

माझ्या खोलीत एक मुलगी आहे, तिची आई वकील आहे. ती स्वतःही दात घासायच्या आधीपासून वाद घालते, म्हणून तिचं नाव वकिलीण पडलं आहे. आणि माझं नाव काय पडलं असेल? मी काहीही न सांगता, तुम्ही ठेवलेलंच, टिटवी! पहिल्याच दिवशी डोंगरावर माझा गट वाट चुकला, तेव्हा मी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. त्या आवाजावर मला गटप्रमुख केलं आहे. आई म्हणते आवाज तुमच्यावर गेलाय. आई तुमच्याबद्दल अजूनही एवढंच बोलते. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर सुया टोचून ती घरी येते, मग फारसं बोलायचं त्राणच उरत नाही तिच्यात.

उद्या प्रत्येक गटाला एक तळं किंवा नदी मिळणार आहे. वाचवायला.

तुमची,
टिटवी


१६ मे

बाबा,

आमच्या गटाला 'तळं क्रमांक दोन' मिळालं. नाव गाव काही नाही, नुसता क्रमांक. एका फायलीत नकाशा, पाण्याचे तपासणी अहवाल, पक्ष्यांची मोजणी आणि काचेच्या बाटल्यांमधून आणलेलं पाणी. पूर्वेच्या काठावर 'अनधिकृत शेड' अशी लाल चौकटींची रांग. पश्चिमेच्या काठावर दोन विश्रामगृहं, ती हिरव्या रंगात. त्या बाटल्यांमधलं पाणी आम्ही तपासलं. पूर्वेच्या बाटलीत तेल निघालं, रंगातलं शिसं निघालं. आमच्यातल्या एकानं बाटली उन्हात धरली तर पाण्यावर सप्तरंगी तवंग. तो म्हणाला, "शी!" लहानपणी मला तो तवंग फार आवडायचा. मी आपल्या काठावरच्या रंगारी काकांना विचारायचे, आज कुठला रंग सांडणार?

नकाशात त्या लाल चौकटींमधून दोन समांतर रेघा पाण्यात उतरत होत्या. मी मार्गदर्शक सरांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, होड्या पाण्याबाहेर ओढून घ्यायचे जुने रूळ असावेत. मी विचारलं, "सर, हे तळं खरं आहे का?"

"आकडे खरे आहेत. पण हा सराव आहे गं."

"म्हणजे आपण ठरवलेलं प्रत्यक्षात होणार नाही ना?"

सर हसले. "मुलांनी ठरवून गोष्टी झाल्या असत्या तर अजून काय हवं होतं!"

होड्यांचे रूळ काय, कितीतरी तळ्यांवर असतील. मी वकिलिणीलाही तसंच म्हटलं. ती म्हणाली, "मग तू नखं का खातेयस?"

शेवटी आम्ही ठराव केला. पूर्व काठ मोकळा करावा, शेड दुसरीकडे हलवाव्यात, काठावर पाणवनस्पती लावाव्यात, चालायला लाकडी वाट करावी. वकिलिणीनं विचारलं, पश्चिमेच्या विश्रामगृहांचं सांडपाणी कुठे जातं? त्या काठाची बाटलीच फायलीबरोबर नव्हती. सर म्हणाले, जे समोर आहे त्यावर बोला.

सगळ्या गटांपुढे मीच बोलले. आमचा ठराव पहिला आला. बाबा, मला बोलायला आवडलं हे खोटं कशाला सांगू? दीडशे मुलं गप्प बसून ऐकत होती. घरी आई टीव्ही बंद करून माझं ऐकते, तेही निम्मं.

एवढंच. तुमच्या तळ्याचा आकार वरून पाहिला तर कानासारखा दिसतो का हो? मी तर ते कायम काठावरूनच पाहिलं आहे.

टिटवी


१८ मे

बाबा,

ते तळं तुमचंच आहे.

आज तलाव मंडळाचे मोठे साहेब आले. परिषदेचा निम्मा खर्च त्यांचं मंडळ करतं, हे आजच कळलं. भिंतीवर आमचा नकाशा मोठा करून लावला होता, आणि या वेळी त्यावर नाव होतं. मी नाव वाचलं आणि चौकटी मोजल्या. लाल चौकटींमध्ये पहिली रंगारी काकांची, तिसरी तुमची. तुमच्या चौकटीवर मी स्वतः हिरवी पेन्सिल फिरवून पाणवनस्पती काढल्या आहेत. छान काढल्या आहेत.

साहेब म्हणाले, ही योजना किती तरी वर्षं अडकून पडली होती. लोकांचा सहभाग दाखवा, असं वरून विचारत होते. "आता आमच्याकडे उद्याच्या पिढीचा एकमताचा ठराव आहे." एकमत म्हणजे आम्ही आठ जण. त्यातला एक पोट बिघडल्यामुळे त्या दिवशी खोलीतच होता.

मी मार्गदर्शक सरांना गाठलं. ते म्हणाले, मलाही आधी माहीत नव्हतं, पण यात वाईट काय झालं? मी संचालकबाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत बाबा. वाईट असत्या तर मला भांडता आलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "तिसऱ्या चौकटीत माझे बाबा राहतात. तिथेच होड्या दुरुस्त करतात. तुमच्या फायलीत तेवढंच लिहिलेलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "पाण्यात तेल आहे की नाही?"

"आहे."

"पक्षी कमी झालेत की नाही?"

"झालेत."

"मग ठरावातलं कुठलं वाक्य चूक आहे, ते सांग. मी स्वतः खोडते."

मला एकही सापडलं नाही. सगळ्यात वाईट हेच आहे. ठराव चुकीचा नाही. तुम्ही ब्रश धुतलेलं रॉकेल तळ्यातच ओतता. मी पाहिलं आहे, लहान होते तेव्हा मीही ओतलं आहे. पण म्हणून तुम्ही मुळी नसायलाच हवं, असं मला म्हणायचं नव्हतं. मधलं काहीतरी म्हणायचं होतं. एखादी टाकी, एखादी गाळणी, काहीतरी. बाईंना मी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे फार चांगलं आहे, पुढच्या वर्षीच्या विषयांत घेऊ." आणि ठराव मागे घेता येईल का, म्हटलं, तर म्हणाल्या, "ठराव परिषदेचा असतो बाळा, एकट्याचा नसतो."

ठराव मागे घ्या म्हणून वकिलिणीनं एक अर्ज लिहून काढला, त्यावर आमच्या गटातल्या पाच जणांनी सह्या केल्या. उरलेल्यांना वाटतं की मी घरचं प्रकरण मध्ये आणते आहे. खरंच आहे की. आणतेच आहे. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी आज दुपारी सगळ्यांबरोबर पोहायला गेले असते आणि मजेत परत आले असते.

तुम्हाला फोन करू द्या म्हणून मागितला. दिला त्यांनी. तुमचा नंबर लागला नाही. तुम्ही तो बदललात का?

टिटवी


२० मे

बाबा,

आज समारोप झाला. लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

ठराव साहेबांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे होतं. आधी तो वाचायचा आणि मग द्यायचा. वकिलीण म्हणाली, माईक एकदा हातात आला की तो कुणी हिसकावून घेत नाही, तेवढ्यात बोलून टाक. मी रात्री नीट झोपले, सकाळी नीट खाल्लं, पाठही केलं होतं. वर चढले आणि पाठ केलेलं सगळं गेलं. तरी बोलले. म्हटलं, "या ठरावात ज्या शेड काढायच्या आहेत, त्यातल्या एकीत माझे बाबा राहतात. त्यांच्या हातून पाणी खराब होतं, हे खरं आहे. पण त्यांना कुणी विचारलेलं नाही. आम्हीही विचारलेलं नाही. ज्यांना विचारलं नाही त्यांच्याबद्दल ठराव करायला नको होता."

सभागृह गप्प झालं. इतकं, की मागे पंख्याची खडखड ऐकू येत होती. मला वाटलं, झालं. पोचलं.

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मग सगळे उभे राहिले. बाबा, मी तुम्हाला कसं सांगू, ते उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांनी पुढे येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या हातातून ठराव अलगद काढून घेतला आणि माईकमध्ये म्हणाले, "स्वतःच्या वडिलांचं छप्पर जात असूनही जी मुलगी तळ्याच्या बाजूनं उभी राहते, तिला मी नेतृत्व म्हणतो!"

मी म्हटलं, "नाही, मी उलट म्हणतेय." पण माईक त्यांच्याकडे होता. टिटवीचा आवाज, आणि पहिल्या रांगेतसुद्धा पोचला नाही. मी त्यांची बाही ओढली. त्यांना वाटलं फोटोसाठी. त्यांनी मला जवळ घेतलं आणि फोटो निघाला.

मला बक्षीस मिळालं आहे. 'संवेदनशील नेतृत्व'. काचेचं आहे, आत एक पान अडकवलेलं आहे.

गाडीत वकिलीण माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "तू रडली असतीस तरी टाळ्याच वाजवल्या असत्या."

टिटवी


२७ मे

बाबा,

तुमचं उत्तर नाही. पत्रं पोचतात की नाही तेही कळत नाही. पण आता सवय लागली आहे.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकलं आणि मग म्हणाली, "त्या माणसाला मी दहा वर्षं सांगत होते, काठ सोड, माझ्याबरोबर चल. माझं ऐकून नाही उठला. आता पोरीचं ऐकून उठणार." आणि हसली. मग हसता हसता तशीच पिठाचे हात घेऊन न्हाणीत गेली आणि नळ सोडून ठेवला. बराच वेळ.

काल वर्तमानपत्रात आलं. मोठा फोटो, माझा आणि साहेबांचा. वर मथळा, 'वडिलांच्या घरापेक्षा तळं मोठं!' तो अवतरणचिन्हांत आहे, म्हणजे मीच तसं म्हटलं असा त्याचा अर्थ. बाबा, मी असं म्हटलेलं नाही. देवाशपथ नाही. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला. एका भल्या माणसानं उचलला. तो म्हणाला, "अहो, तुमच्याबद्दल चांगलंच छापलंय की." मी म्हटलं, चांगलं नको, खरं छापा. तो म्हणाला, दुरुस्ती हवी असेल तर परिषदेकडून पत्र आणा. परिषदेत फोन केला. संचालकबाई सुट्टीवर आहेत, एक तारखेनंतर करा. मंडळात केला. त्यांनी अभिनंदन केलं.

शाळेच्या सुट्टीतल्या जादा तासाला बाईंनी मला उभं करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत झाली आहे. बोललं की कौतुक होतं, गप्प बसलं की नम्र म्हणतात.

आईनं रविवारपासून दोन दिवसांची रजा टाकली आहे. आम्ही येतोय. तुम्हाला चालेल का, हे विचारायची सोय नाही, म्हणून नुसतं कळवते.

टिटवी


९ जून

बाबा,

तुम्ही तिथेच होतात, तरी लिहिते. तुमची पाठ आमच्याकडे होती तेव्हाचं तुम्हाला दिसलेलं नाही, आणि मला जे बोलता आलं नाही ते तर कुणालाच ऐकू आलेलं नाही.

वळणावर बस थांबली आणि मला वाटलं, आपण चुकीच्या जागी उतरलो. रंगारी काकांची शेड नव्हतीच. नुसती सिमेंटची जमीन, तिच्यावर इतक्या वर्षांच्या रंगांचे थर. काकू सामानाच्या टेम्पोत पुढे बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी काच वर केली. मी समजू शकते. तरी त्यांनी मला लहानपणी किती वेळा आंघोळ घातली असेल, असं मनात आलंच.

तुम्ही होडीखाली पाठीवर पडून सांधा बुजवत होतात. आई म्हणाली, "अहो, मंडळाची माणसं आलीत, आणि तुम्ही हे काय करताय?" खालून तुमचा आवाज आला, "गिऱ्हाईकाची आहे. आज द्यायची बोली आहे." दोन वर्षांनी भेटलो आपण, आणि तुमचं पहिलं वाक्य ते. मग तुम्ही सरकत बाहेर आलात, हात पुसलेत, माझ्याकडे पाहिलंत. केस किती पिकलेत तुमचे.

"पत्रं मिळाली," तुम्ही म्हणालात. "अक्षर सुधारलंय."

मी काय काय ठरवून आले होते! मी म्हटलं, "बाबा, ते पेपरातलं मी..."

"ते तू म्हटलं नसशील. तुझं बोलणं मला माहीत नाही का? मथळा करायला जमेल एवढं थोडक्यात तू जन्मात कधी बोलली नाहीस."

आई हसली. तुम्हीही हसलात. मीच काय ती हसू शकले नाही.

मग तुम्ही सांगितलंत की नवा गाळा हमरस्त्याला मिळाला आहे. तिथे पाणी नाही. आईनं विचारलं, पाण्यावाचून होड्या दुरुस्त कशा करणार? तुम्ही म्हणालात, "चाकं लावू होड्यांना." पुन्हा हसलात, पण या वेळी आई हसली नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे या." तुम्ही रंधा पेटीत ठेवलात, पटाश्या ठेवल्यात, पेटीची कडी लावलीत, आणि म्हणालात, "बघू." लहानपणी मी खेळणं मागितल्यावर तुम्ही जसं 'बघू' म्हणायचात, तसंच. त्याचा अर्थ मला तेव्हाही माहीत होता.

आपण तिघांनी ती होडी रुळांवरून पाण्यात सोडली. गिऱ्हाईक ती वल्हवत पलीकडे निघून गेला, विश्रामगृहांच्या बाजूला. तिकडून गाण्यांचा आवाज येत होता. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून, होडीत कुठून पाणी शिरतंय का, ते ती लहान होईपर्यंत बघत होतात. मी तुमच्या मागे उभी होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणाच्या नावानं ओरडायचं ते कळेना. मंडळाची माणसंसुद्धा बिचारी कंत्राटावरची होती. त्यातल्या एकानं आईला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

त्यांनी आधी छपराचे पत्रे उतरवले. मग बाजूचे. आतल्या भिंतीला, तुमच्या खाटेच्या डोक्याशी, वर्तमानपत्राचा तो कागद होता. मथळा वरून नीट कापून काढलेला, साहेबही कापून काढलेले. नुसता माझा फोटो, आणि साहेबांचा हात तेवढा माझ्या खांद्यावर राहून गेलेला. होडीच्या चार तांब्याच्या खिळ्यांनी ठोकला होता. मला पाहून टेम्पोवाला म्हणाला, "हीच का ती? येईल त्याला दाखवत होते, माझी मुलगी म्हणून." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पेटीची कडी पुन्हा लावत होतात, लावलेलीच.

मंडळाच्या माणसानं त्या पत्र्याला पहार लावली. तुम्ही म्हणालात, "थांब जरा." जाऊन एकेक खिळा उपसलात, कागद झटकलात, घडी माझ्या चेहऱ्यावरून जाणार नाही अशी घातलीत आणि वरच्या खिशात ठेवलात. मग बाजूला झालात आणि त्याला म्हणालात, "हं. काढ आता."

टिटवी